शेवंतीचं पोट

सबंध गोंदिया जिल्ह्यात घोड्याच्या पोटातली गोष्ट खुद्द घोड्याच्या आधी कळणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा; तेही मला साडभाऊच म्हणतात. हे नातं निवडता येत नाही आणि टाळताही येत नाही. नवेगाव बांधच्या अलीकडे एका जुन्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्यांचं घर आहे. वाडवडील तलाव बांधणारे. पाणी कुठे अडवायचं आणि कुठून सोडायचं, हे त्या घराण्यातली पोरं बोलायच्या आधी शिकतात म्हणे. साडभाऊंनी ही सगळी पिढीजात विद्या एका घोडीच्या पोटावर लावली. "तलाव आन पोट एकच हाय," असं ते सांगतात. "येत राह्यलं पाहिजे, जात राह्यलं पाहिजे. तुंबलं का पाळ फुटते." घोडीचं नाव शेवंती. पांढरीशुभ्र, शांत, लग्नाच्या वरातीची घोडी. सडक अर्जुनीपासून चिचगडपर्यंत ज्या कुणाला घोडीवर बसून मांडवात जायची हौस होती, तो शेवंतीवरच बसून गेला. त्यांचे संसार पुढे कसे झाले देव जाणे, पण शेवंतीनं एकाही नवरदेवाला पाडलं नाही.

साडभाऊ कुणाला नमस्कार करत नाहीत. "पोट साफ?" असं विचारतात. समोर वयानं मोठा माणूस असला तर "पोट साफ हाय ना जी?" असं, म्हणजे आदर राखून. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी त्यांचा पहिला कार्यक्रम म्हणजे शेवंतीची लीद पाहणं. पाहणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. गोळा हातात घ्यायचा, बोटांनी फोडायचा, आत गवताची काडी किती लांब राहिली ते बघायचं, ओल किती आहे ते दाबून बघायचं आणि शेवटी नाकाजवळ न्यायचा. मग दिवसभर जो भेटेल त्याला निकाल सांगायचा. माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील गोंदियाचे कापडवाले, घरात हिंदी बोलणारी माणसं, पहिल्यांदाच आमच्याकडे आलेली. पोह्यांच्या बश्या हाती आल्या आणि साडभाऊंना कंठ फुटला. चांगली लीद कशी असते, गोळा खाली पडला की फुटला पाहिजे पण पसरला नाही पाहिजे, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. रंग कसा हवा ते सांगताना त्यांचं बोट, देवाशप्पथ सांगतो, व्याह्यांच्या बशीतल्या हिरव्या चटणीकडे गेलं. व्याह्यांनी बशी हळूच खाली ठेवली आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "भाईसाहब, ये करते क्या हैं?" मी म्हटलं, "रिश्तेदार हैं."

माझं सडक अर्जुनीला बी-बियाण्यांचं आणि पशुखाद्याचं दुकान आहे. साडभाऊ बाजाराच्या दिवशी येतात, माझ्याच पोत्यांवर बसतात आणि माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतात, "ह्या पोत्यात का हाय ते छापनाऱ्याले तरी मालूम हाय का?" एकदा एक भला माणूस खांद्यावर घेतलेलं पोतं परत ठेवून गेला. मी चिडलो. साडभाऊ म्हणाले, "काऊन चिडता? त्याच्या बैलाचं पोट वाचलं ना!" घोड्याला काय द्यावं याचं त्यांचं उत्तर एकच: गवत, त्यावर गवत, आणि त्याच्यानंतर पाणी. दाणा द्यायचा तर मुठीनं, तोही काम झालेल्या दिवशी. गवत स्वतः कापायचं, तेही तलावाच्या काठचं. त्यातली माती झटकायची, सावलीत पसरून ठेवायचं. वाळलेल्या गवताची प्रत्येक पेंढी सोडून हुंगायची आणि एका काडीवर काळी बुरशी दिसली तरी सगळी पेंढी उकिरड्यावर. हे सगळं दिवसातून आठ वेळा, थोडं थोडं. "देवानं घोड्याले देह देला ट्रकचा आन जठर देलं लोट्याएवढं," हा त्यांचा देवावरचा कायमचा राग. त्यामुळे हा माणूस कधी कुणाकडे मुक्कामाला राहिला नाही. माझ्या वडिलांच्या तेराव्याला पंगतीतून हात धुऊन उठले ते थेट मोटारसायकलवर. आम्ही रडत होतो आणि हे बाहेरून सांगत होते, "बसलो असतो साडभाऊ, पन तिची चारची येळ झाली."

खाण्यात अचानक बदल करायचा नाही, हा दुसरा नियम. नवं गवत आलं की पहिल्या दिवशी जुन्यात मूठभर मिसळायचं, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, असं करत पंधरा दिवसांनी पूर्ण नवं. हा नियम ते स्वतःलाही लावतात, आणि तिथेच घोटाळा होतो. त्यांना साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टरनं भात बंद करून ज्वारीची भाकर खायला सांगितलं. साडभाऊंनी मान डोलावली. पहिल्या दिवशी भाताच्या ढिगाऱ्यावर चतकोर भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी भात तेवढाच, भाकर जराशी जास्त. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर कागद पाहून ओरडलाच. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "डाक्टरसाहेब, एका दिवसात बदलवलं त आतडी रुसते." माझी मेव्हणी बाजूला कपाळाला हात लावून बसली होती. ती बिचारी आयुष्यभर तशीच बसत आली आहे.

आणि रोज दोन वेळा ते शेवंतीच्या पोटाला कान लावत. डोळे मिटून, आधी डाव्या कुशीला, मग उजव्या. आतून गुडगुड ऐकू आली पाहिजे, दोन्हीकडून, थांबून थांबून. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. एकदा सरपंच दारात काहीतरी विचारत उभे होते, तर साडभाऊंनी कान न काढता त्यांना हातानं खाली बसवलं. सरपंच बसले हो! मी असल्या गोष्टींना हसत असे. मी एकटाच कशाला, गावच हसत असे. त्यांच्या या वेडामागे काय आहे हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

शेवंतीच्या आधी त्यांच्याकडे एक घोडी होती. आमच्या भागात धान कापणीला यायच्या आधीच उभ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, लाखोळीचं बी फेकतात. धान निघालं की मागे लाखोळी उभी राहते. तिची डाळ माणसं खातात, भुसा बैल खातात, आणि जनावराचा लाड करायचा म्हणजे लाखोळीचं घमेलं पुढे ठेवायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. तरण्या साडभाऊंनी आपल्या पहिल्या घोडीला एक सबंध हिवाळा लाखोळी चारली. घोडी चकाकायला लागली. मग पाळीचा चढ चढताना तिच्या नरड्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मग मागचे पाय ओढायला लागली. बैलाला पचतं ते घोड्याला पचत नाही, हे सांगणारा माणूस भेटेपर्यंत ती खाली बसली होती, ती पुन्हा उठलीच नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, गवत झटकता झटकता, माझ्याकडे न बघता. "मी तिले मारलो नाई, साडभाऊ. मी तिचा लाड केलो." त्या दिवसापासून मी लिदीवर विनोद करणं बंद केलं. पूर्ण बंद केलं असं नाही, पण त्यांच्यासमोर तरी बंद केलं.

लाडाची त्यांना भीती बसली ती अशी. वरातीच्या घोडीला तर लाडाचा सुकाळ. गोंदियाकडच्या हिंदी घरांमध्ये नवरदेव घोडीवर चढला की त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ खाऊ घालतात. हौसेची गोष्ट आहे, ती आता आमच्या गावांतही आली. एका बहिणीची एक मूठ असती तर प्रश्न नव्हता. पण आमच्याकडे चुलत, मावस, मामे, आते धरून बहिणींची पलटण असते, आणि लग्नसराईत रोज नवी पलटण. साडभाऊंनी यावर तोड काढली. ते स्वतःच हरळीची जुडी बांधून न्यायचे, तिला लाल दोरा गुंडाळायचे, कुंकू लावायचे आणि ताट पुढे आलं की गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "बाई, ह्या घोडीले दूर्वा देवा लागते. गणपतीचं हाय." हे शास्त्र कुठल्याही पोथीत नाही, त्यांनी ते गोठ्यात बसून तयार केलं होतं. पण बायका हात जोडून दूर्वा द्यायच्या आणि शेवंती आनंदानं खायची. कुणी अडून बसलं तर ते सरळ घोडी वळवायचे. मोठमोठ्या घरच्या, अगदी आमदाराच्या घरच्याही लग्नांतून त्यांनी नवरदेवाला खाली उतरवून घोडी परत आणलेली आहे. "घोड्याले उलटी होत नाई," ते सांगायचे. "आत गेलं ते गेलं. मंग रडून का फायदा?"

तर अशा माणसाच्या हातून, म्हणजे खरं सांगायचं तर माझ्या हातून, ते घडलं. माझ्या मुलाचं लग्न माघात होतं. सकाळचा मुहूर्त, हायवेच्या कडेच्या लॉनवर. शेवंतीच असणार हे ठरलेलंच होतं. साडभाऊंनी तिला आंघोळ घातली होती, आयाळीत झेंडू ओवले होते, स्वतः कोरं धोतर नेसले होते. नवरदेवाच्या मावशीचा नवरा म्हणून त्यांचा मान, आणि घोडी त्यांचीच, म्हणून त्या सकाळी ते माझ्यापेक्षा मोठे वाटत होते. मुलगा चढला. माझी मुलगी आणि तिच्या आठ चुलत-मावस बहिणी डाळीचं पातेलं घेऊन पुढे आल्या. साडभाऊंनी दूर्वांची जुडी काढली. तेवढ्यात शूटिंगवाला म्हणाला, "अंकल, घास में मजा नहीं आता. दाल ही रखिए." पोरींनी तोंडं पाडली. साडभाऊ घोडी वळवायला लागले. लग्नाची दोनशे माणसं बघत होती, नवे व्याही बघत होते, आणि मी, डोक्यावर फेटा बांधलेला शहाणा माणूस, पुढे होऊन म्हणालो, "आजचा एक दिवस राहू द्या हो, साडभाऊ. घरचं लग्न आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घोडी जागच्या जागी उभी केली.

मग जे झालं ते मी रोज आठवतो. एकीनं मूठ दिली की शूटिंगवाला म्हणायचा, "दीदी, एक बार और. कैमरे में देखिए." नऊ बहिणी, प्रत्येकीचं तीन-चारदा. कुणाचे केस उडाले, कुणाचे डोळे मिटले, कुणाच्या मागे वाढपी आला. एक पातेलं संपलं, दुसरं आलं. मग काकू आल्या, मग कुणीतरी बुंदीचा लाडू दिला. शेवंती गरीब जनावर, पुढे येईल ते खात गेली. साडभाऊ तिच्या मानेवर हात ठेवून खाली पाहत उभे होते.

दुपारी पंगती चालू होत्या तेव्हा मी त्यांना शोधत लॉनच्या मागे गेलो. मोहाच्या झाडाखाली शेवंती पायानं माती उकरत होती. पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. अंगावर घाम. साडभाऊ कुशीला कान लावून होते. एक बाजू, दुसरी बाजू, पुन्हा पहिली. कान काढला तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आवाज बंद झाला," एवढंच म्हणाले. मांडवातून जिलेबीचा वास येत होता.

जनावरांचा डॉक्टर तासाभरात आला. त्यानं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, आणि सांगितलं, "आता चालवत राहा, लोळू देऊ नका. लीद पडली तर वाचली." साडभाऊ तिला घेऊन लॉनच्या मागे येरझारा घालू लागले. ही बातमी मांडवात पोचली आणि सगळ्या लग्नाचं ध्यान मागच्या बाजूला लागलं. नवरीला सासरी पाठवायची वेळ झाली तरी कुणी उठेना. कापडवाले व्याही दर पंधरा मिनिटांनी डोक्यावरचा साफा सांभाळत यायचे आणि विचारायचे, "हुआ क्या?" नऊ बहिणी भिंतीशी ओळीनं बसून रडत होत्या. नवी सून शालूचा पदर खोचून उभी होती. "मैं अभी नहीं जाऊँगी," असं तिनं आईला सांगितलं, आणि त्याच घडीला ती मला आवडली. मी साडभाऊंच्या मागोमाग चालत होतो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा शेवंती थांबली, तिनं शेपूट उचललं आणि चार गोळे पडले. "हो गया! हो गया!" असं ओरडत पहिल्यांदा कोण धावलं असेल तर व्याही. पोह्यांची बशी खाली ठेवणारा तो माणूस, त्या लिदीला हात जोडून उभा राहिला. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ढोलावर थाप मारली. लोक हसले, रडले. साडभाऊ खाली बसले, एक गोळा उचलून फोडला आणि त्याच हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागले.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी मेव्हणीचा फोन आला, शेवंती पाऊल उचलत नाही. खुरं तापली होती. डॉक्टर म्हणाला, अंगावर आलेल्या दाण्याचं विष खुरात उतरतं, असं होतं कधी कधी. जगेल, पण वरातीत नाचायचं विसरा. मी गेलो तेव्हा साडभाऊ तिला घेऊन तलावात उभे होते. गार पाण्यानं खुरांची आग शमते म्हणून. ते गुडघाभर पाण्यात, ती त्यांच्या शेजारी, डोळे अर्धे मिटून. असे ते रोज तासन् तास उभे राहत. मी चपला काढल्या आणि पँट भिजवत त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मी म्हणालो, "तुम्ही मला नाही म्हणायला पाहिजे होतं. आमदाराच्या घरी नाही म्हणता, मला का नाही म्हणालात?"

ते तिच्या पायावर ओंजळीनं पाणी सोडत होते. म्हणाले, "परक्याले नाई म्हनता येते, साडभाऊ. आपल्या मानसाले तोंडच उघडत नाई. तुमचा चेहरा पडला असता दोनशे लोकांत." मग तिच्या दुसऱ्या पायाकडे वळून म्हणाले, "पन घोडीच्या पोटाले का मालूम, ताट कोनाचं होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी पाण्यात उभा राहून रडलो. साठीला आलेला माणूस. त्यांनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "चला, तिची येळ झाली," आणि तिला हळूहळू काठाकडे आणलं.

शेवंती आता पाळीवर फिरते, पाय जपत, चार पावलं टाकून थांबत. साडभाऊ तिला वाळलं गवत पाण्यात भिजवून देतात, आठ वेळा, थोडं थोडं. दुसरी घोडी त्यांनी घेतली नाही. लग्नाची बोलावणी येतात, ते नाही म्हणतात. मी दर रविवारी जातो, विळा घेऊन गवत कापायला बसतो. ते माझं कापलेलं गवत काडी काडी बघतात, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

पोळ्याला मुलगा आणि सून नागपूरहून आले, लग्नाचा व्हिडिओ घेऊन. आम्ही सगळे साडभाऊंच्याच घरी बसलो होतो. टीव्हीवर लग्न सुरू झालं. मी डाळीचा प्रसंग येण्याची वाट पाहत होतो. आला. एक हात, एक मूठ, शेवंतीचे ओठ, वर गाणं. तीन सेकंद. नऊ बहिणींमधली एकच घेतली होती, आणि साडभाऊंचा फक्त कोपर दिसत होता. मी मान खाली घातली. तेवढ्यात चित्र बदललं आणि वरात निघाली. सकाळचं ऊन, बँड, आणि मधोमध शेवंती, पाय उचलून उचलून टाकत, मान ताठ, आयाळीत झेंडू. साडभाऊ खुर्चीतून पुढे सरकले. पडद्यावरून नजर न काढता, अगदी हळू आवाजात, मला म्हणाले, "पाहा साडभाऊ, कशी चालून राहिली."